रीतीचे गुण

टेपताईच्या दुकानात पोट आत ओढून उभं राहण्यात काही अर्थ नसतो. पूर्वी माणसं ओढायची. मग ताई कमरेभोवती टेप टाकून, तोंडात टाचण्या धरून नुसती उभी राहायची. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? अर्ध्या मिनिटात फुस्स करून सगळा ऐवज बाहेर आला, की ताई टाचण्या काढून आकडा जाहीर करायची, आणि तोही रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "साडेअडतीस!"

"छत्तीस लिही की गं," गिऱ्हाईक गयावया करायचं.

"लिहिते ना. पण मग ती पँट तुमच्या धाकट्या भावाला होईल. तुम्ही तिच्याकडे लांबून बघायचं."

टेपताई हे नाव पडायला कारणं दोन. एक तर पिवळी पडलेली ती टेप कायम तिच्या गळ्यात. दुसरं असं, की ताईच्या तोंडाची टेप एकदा लागली की बंद करायचं बटण कुठं आहे ते तिच्या नवऱ्यालाही सापडलेलं नाही. नवरा इस्त्रीवाला. जिन्याखालच्या त्या एका खोलीत खिडकीपाशी हिचं मशीन, आतल्या बाजूला त्याचं इस्त्रीचं टेबल, आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर खडूची रेघ. हिच्या चिंध्या रेघेपलीकडे गेल्या तर तो पायानं परत ढकलतो. बोलत मात्र नाही. एका शर्टामागं एक वाक्य हा त्याचा हिशेब, आणि त्यातली निम्मी वाक्यं म्हणजे "हं".

ताईची खरी दौलत म्हणजे मापांची वही. गल्लीतल्या प्रत्येक माणसाचं एकेक पान. कोणाला दिवस गेलेत, कोण प्रेमभंगानं वाळलाय आणि कोण गोड सोडल्याची नुसती थाप मारतोय, हे घरच्यांच्या आधी ताईला कळायचं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. ताईच्या बोटांना एवढा एका सुताचा फरकही डोळे मिटून समजायचा. "सुतावरून स्वर्ग गाठते ही बाई," असं गल्ली म्हणायची. पण स्वर्ग बहुतेक वेळा तिथंच सापडायचा जिथं ताईनं सांगितलेला असायचा. आणि या सगळ्याच्या मुळाशी तिचं एक वाक्य होतं, ते ती देवाची शपथ घ्यावी तसं म्हणायची. "माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही."

गल्लीच्या टोकाला गणिताचे सर राहतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण पोस्टमननं पत्ता चुकवला तरी त्याला फळ्यासमोर उभं केल्यासारखं विचारतात, "कुठं चुकलं? पहिल्या पायरीपासून सांग." पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. वरचं बटण उघडं टाकणं म्हणजे सरांच्या लेखी अर्धं उघडं फिरणं. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेली. टेपताईही गेली, आणि जाता जाता नापास झाली.

ती गोष्ट अशी. शेवटच्या वर्षाची परीक्षा. दहा गुणांचं गणित होतं, एका गोल टेबलाला झाकायला किती कापड लागेल असलं काहीतरी. ताईनं प्रश्न वाचला आणि खाली सरळ उत्तर लिहून टाकलं. उत्तर बरोबर. पण वर काही नाही. ना सूत्र, ना पायऱ्या, कोरा कागद.

"रीत कुठाय?" सरांनी विचारलं.

"दिसलं मला उत्तर, सर."

"गणित दिसत नसतं. करावं लागतं. उत्तर बरोबर, रीत शून्य. दहापैकी शून्य."

चार गुणांनी वर्ष गेलं. ताई शाळा सोडून शिवणाच्या मशीनवर बसली, ती बसलीच. पुढं सर तिच्याकडेच शर्ट शिवायला येऊ लागले, त्यालाही अठ्ठावीस वर्षं झाली. दर वेळी माप घेताना ती टोमणा मारायची, "सर, त्या वर्षी चार गुण दिले असतेत तर आज मी कुठल्या कुठं असते."

"आज तू कुठल्यातरी कचेरीत वाईट कारकून असतीस. त्यापेक्षा ही शिंपीण बरी."

ही त्यांची स्तुती. याहून मोठी स्तुती त्यांनी बायकोचीही केलेली नाही.

सरांचा गळा पंधरा इंच. वहीत वर्षानुवर्षं पंधरा, पंधरा, पंधरा. मागच्या वर्षी ताईच्या टेपेवर सव्वापंधरा आले. तिनं कॉलर सव्वापंधरा शिवली. सरांनी जुने चार शर्टही आणून दिले, "धुवून आटलेत, बटण जरा सरकव," म्हणाले. तिनं सरकवलं. यंदा टेप गळ्याभोवती टाकली, तर साडेपंधरा. ताईनं पुन्हा टाकली. साडेपंधराच. कंबर मात्र इंचभर उतरलेली.

माणूस जाड होतो तेव्हा सगळीकडून होतो. नुसत्या गळ्यानं कोणी जाड होत नाही. आणि डाव्या बाजूला, टेपेखाली, ताईच्या बोटाला काहीतरी कठीण लागलं.

तिला तिची मोठी बहीण आठवली. ताई एकोणीस वर्षांची, नुकती शिवायला लागलेली. बहिणीच्या पोलक्याचा गळा दोनदा मोठा करून दिला होता तिनं. बोटाला लागलंही होतं. पण मोठ्या बहिणीला काय सांगायचं, म्हणून गप्प बसली. तोवरच्या आयुष्यात ताई गप्प बसली ती तेवढी एकदाच. बहीण दोन वर्षांत गेली.

"सर, गळा अर्धा इंच वाढलाय. डॉक्टरला दाखवा."

"तुझी टेप आखडली असेल."

"टेप आखडली असती तर कंबरही वाढलेली दिसली असती. ती उतरलीय."

सर रागावले. विद्यार्थ्यानं बरोबर मुद्दा काढला की ते असेच रागवायचे. "सुतावरून स्वर्ग गाठू नकोस!"

"सूत नाही सर, चार सुतं आहेत."

"मला काही त्रास आहे का? नाही. कॉलर कशी लोण्यासारखी बसते. विषय संपला."

कॉलर लोण्यासारखी का बसत होती? ताई चोख शिवत होती म्हणून. गळा जसजसा वाढला तसतशी हिनं कॉलर वाढवली. जे दुखणं खुपायला हवं होतं त्याला हिनंच मऊ गादी घालून दिली होती. हे ध्यानात आलं तेव्हा ताईनं हातातली कात्री खाली ठेवली.

तिनं दुसऱ्यांदा त्यांच्या दारात जाऊन सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना सांगितलं.

"माझं ऐकतात होय ते?" काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा माझ्याकडून ऐकत नाहीत. स्वतः तीन घास खाऊन, विचार करून, मग जाहीर करतात."

त्या दिवशी दुकानात ताईनं टेप लावली ती तासभर. सर किती हट्टी, किती शहाणे, शहाणपण किती वाया जातं वगैरे. शेवटी इस्त्रीवाल्यानं एका शर्टाची घडी घालता घालता त्या शर्टाच्या वाट्याचं वाक्य खर्च केलं.

"गळा धरल्याशिवाय ऐकायचे नाहीत ते."

तो गमतीनं बोलला. ताईनं मात्र ते वाक्य कापडासारखं उलटंसुलटं करून पाहिलं.

सरांचे सहा पांढरे शर्ट दर सोमवारी इस्त्रीला यायचे. त्या सोमवारी सहाही शर्टांची वरची बटणं उसवून ताईनं पुन्हा पंधरावर लावली. यात खोटं ते काय? सर स्वतःच म्हणतात ना, गळा पंधरा आहे म्हणून? मग घाला पंधरा. आवळलं की कळेल, कळलं की जातील डॉक्टरकडे. मोठ्या ऐटीत तिनं दोरा दातानं तोडला.

आवळलं. सरांना कळलंही. पण गणिताचा माणूस डॉक्टरकडे जाईल तो जाईल, आधी कोष्टक करील! स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी कागद चिकटवला. मथळा, "धुण्यामुळे कपड्यास येणारी आट". रोज सकाळी कॉलरीत बोटं घालून नोंद. सोमवार, दोन बोटं. गुरुवार, दीड बोट. अर्धं बोट कसं घालतात हे विचारायची काकूंची छाती झाली नाही. पंधरा दिवसांनी निष्कर्ष निघाला. काकू शर्ट कोमट पाण्यात भिजवतात, दोष पाण्याचा, म्हणजे पर्यायानं काकूंचा. कोमट पाणी बंद.

काकू शर्टांचं गाठोडं घेऊन दुकानात आल्या त्या हात पदराखाली लपवून.

"काय झालं हो, काकू?"

"काही नाही गं. गार पाण्यानं बोटं बधिर होतात जरा. वर उलटतपासणी. साबण किती घातला, किती वेळ घासलं. काल म्हणाले, 'चाळीस वर्षांत तुला साधं धुणं जमू नये?'" काकू हसल्या, पण त्या हसण्याला अस्तर नव्हतं. "मी काय चुकतेय तेच कळत नाही बघ मला."

पदराखालून गाठोडं पुढं आलं तेव्हा ताईला त्यांची बोटं दिसली. लाल, पेरांवर भेगा पडलेली. ताईला टाचणी टोचली. बावीस वर्षांत टोचली नव्हती.

काकू गेल्यावर इस्त्रीवाला म्हणाला, "पुरे आता."

"पुरे कसं? आता थांबले तर काकूंची बोटं फुकट गेली!"

तो काही बोलला नाही. त्या शर्टाचं वाक्य संपलं होतं. ताईनं मात्र बटणं आणखी तीन सुतं आत घेतली. आता ती पंधराच्याही आत गेली. आता सरांचा शब्दही तिच्या बाजूनं नव्हता. वहीत लिहायला तिनं पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

चार दिवसांनी सर स्वतः दुकानात हजर. चेहरा लालबुंद, आवाज दबलेला, हातात एक शर्ट. "गार पाण्यातही आटतोय. टेप लाव आणि माझ्यासमोर कॉलर मोज."

ताईनं शर्ट टेबलावर पसरला. गळ्यातली टेप काढली. टेपेचं टोक काजावर धरलं, त्यावर अंगठा ठेवला, आणि अंगठ्याखाली तीन सुतं दडपून टेप बटणापर्यंत नेली.

"बघा सर. पंधरा."

सरांनी वाकून आकडा पाहिला. अंगठा पाहिला नाही. अठ्ठावीस वर्षांत ज्या टेपेनं कोणाच्या पोटाचीही भीड ठेवली नाही, तिच्या अंगठ्याकडे कोण बघणार?

"म्हणजे आट नाही," ते सावकाश म्हणाले. "कॉलर पंधरा, आणि आवळते. म्हणजे…"

"म्हणजे गळा, सर."

"विचार करतो," म्हणाले, आणि गेले. ताईनं अंगठा उचलला. अंगठ्यावर टेपेच्या रेघा उमटल्या होत्या. इस्त्रीवाल्यानं ते पाहिलं आणि मान खाली घालून आधीच इस्त्री झालेल्या शर्टावर पुन्हा इस्त्री फिरवली.

सरांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बुटाची नाडी बांधायला ते खाली वाकले, कॉलर रुतली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पाच पायऱ्या गडगडत खाली आले. उजवं मनगट मोडलं. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात बघायच्या आधी पहिलं काम केलं ते वरचं बटण उघडण्याचं. चारचौघांत सरांचा गळा उघडा पडला तो जन्मात प्रथमच.

डॉक्टरीणबाईंची बोटं तिथंच थांबली, जिथं ताईची थांबली होती.

"ही गाठ किती दिवस आहे, काका?"

गल्लीत बातमी आली तेव्हा ताई एका शर्टाला कफ लावत होती. "सर पडले, हात मोडला," एवढंच आधी कळलं. गाठीचं कळलं ते संध्याकाळी. मधले ते पाच तास ताईच्या तोंडाची टेप बंद होती. न्हावी दोनदा येऊन विचारून गेला, तब्येत बरी आहे ना म्हणून.

पुढं तपासण्या झाल्या, शस्त्रक्रिया झाली. गाठ वाईटच होती, पण अजून कुठं पसरली नव्हती. "आणखी सहा महिने गेले असते तर मी तुम्हाला एवढं हसून सांगितलं नसतं," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सर घरी आले. गळ्यावर टाके, हातावर प्लास्टर, आणि आवाज असा बसलेला की जन्मभर ओरडलेला माणूस आता कुजबुजत होता. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. थोडा गाठीसाठी, थोडा आवाजासाठी.

आणि गंमत बघा, सगळं कसं छान जुळलं होतं. सर वाचले. दोषी होत्या त्या काकू एका दिवसात देवी झाल्या, कारण सरांच्या मते काकूंच्या कॉलर न आटवणाऱ्या धुण्यानं आणि ताईच्या टेपेनं मिळून त्यांचा जीव वाचवला होता. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. इस्त्रीवाल्यानंही दोन शर्ट खर्च करून सांगितलं, "झालं ना चांगलं? सोड आता."

महिन्याभरानं सर नव्या मापासाठी दुकानात आले. बरोबर काकू. दुकानात चार गिऱ्हाइकं, दारात न्हावी. ताईनं टेप टाकली. पावणेपंधरा.

सर त्या फाटक्या आवाजात सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बायकोच्या धुण्यानं आणि या टेपेनं वाचवलं मला. या टेपेवर डोळे मिटून विश्वास ठेवा रे. मी ठेवला नसता तर आज नसतो. माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही!"

तिचंच वाक्य. सरांनी ते पाठ केलं होतं.

ताईनं काकूंकडे पाहिलं. न केलेल्या चुकीबद्दल बोलणी खाल्लेली ती बाई आता न केलेल्या उपकाराचं कौतुक खाली मान घालून ऐकत होती. बोटांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या.

"सर," ताई म्हणाली, "टेप खोटं बोलली."

"काय?"

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या पायरीपासून. सोमवारची बटणं, पंधरा, मग पंधराच्या आत, कोष्टक, काकूंची बोटं, अंगठा. एकही पायरी गाळली नाही. आयुष्यात प्रथमच पूर्ण रीत मांडली.

"अंगठ्याखाली किती होतं?" सरांनी विचारलं.

"तीन सुतं."

"म्हणजे मी पडलो तो…"

"हो, सर. माझ्यामुळं."

मोडलेल्या हातापेक्षा त्या तीन सुतांनी सरांना जास्त दुखवलं. त्यांनी नव्या शर्टाचं कापड टेबलावरून उचललं, बगलेत मारलं आणि निघून गेले. दारात थांबून काकूंना म्हणाले, "ही घरच्यासारखी माणसं! केसानं गळा कापतात." गळ्यावर ताजे टाके असलेल्या माणसाच्या तोंडी ती म्हण सगळ्यांना जरा जास्तच लागली.

काकू मागं वळल्या. ताईजवळ आल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "पाणी कोमट चालतं ना गं शर्टांना?"

"चालतं, काकू."

"एवढंच विचारायचं होतं." आणि त्याही गेल्या.

मग ताईचे वाईट दिवस आले. सोमवारचे सहा शर्ट यायचे बंद झाले. सर चुरगळलेले शर्ट घालून गल्लीतून जायचे, दुकानासमोर आले की मान फिरवायचे. गिऱ्हाइकं घरून स्वतःची टेप आणू लागली. साडेअडतीसवाला तर गल्लीभर सांगत सुटला, "मी छत्तीसच होतो! हिनं अंगठा लावला!" त्याला हसायचीही ताईला चोरी झाली. न्हावी म्हणाला, "कशाला बोललीस? सगळे तुला डोक्यावर घेऊन नाचत होते."

"काकूंच्या हातांवर कोणी नाचत नव्हतं," ताई म्हणाली.

तिनं एक गोष्ट मात्र केली. कोणाचंही माप घेताना ती आता टेपेचं टोक अंगठ्यानं धरेना. गिऱ्हाइकाच्याच हातात देऊ लागली. "धरा तुम्ही. शून्यावर आहे ना? बघून घ्या." बोलताना तिचा आवाज न्हाव्यापर्यंत जात नव्हता.

तीन आठवड्यांनी सर आले. मागोमाग काकू. सरांच्या खिशाला लाल पेन.

"माझं पान काढ."

ताईनं वही उघडली. प्लास्टर निघालं होतं तरी उजवा हात अजून चालत नव्हता. सरांनी डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात, शेवटच्या मापाखाली लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता कुजबुजत वाचत होते. "उत्तर, पाचपैकी पाच. रीत, पाचपैकी शून्य."

"अहो," काकू म्हणाल्या, "परीक्षेत प्रश्नच चुकीचा आला तर सगळ्या मुलांना पूर्ण गुण देतात ना?"

"देतात. मग?"

"तुम्ही म्हणजे काय सरळ प्रश्न आहात? तिनं तीनदा सांगितलं. तुम्ही कोष्टक केलंत!"

"मी सोमवारी जाणारच होतो डॉक्टरकडे."

"कुठल्या सोमवारी?"

सरांनी त्या सोमवारची तारीख सांगितली नाही. पण पेनही फिरवलं नाही. "ते पूर्ण गुण बोर्डाचे. माझ्या वर्गात नाही. माझा हात मोडला. हिचे हात फुटले. डोकं आपटलं असतं तर उत्तर बघायला कोण होतं? रीत शून्य."

"बरोबर आहे, सर," ताई म्हणाली. मग तिला राहवेना. "पण मग दुसरी रीत काय होती? मला तेव्हाही सुचली नाही, अजून सुचत नाही. तुम्ही सांगा."

सर बाकावर बसले. विद्यार्थ्यांना एकेक पायरी विचारत जन्म गेलेला माणूस, पण आयुष्यात बहुतेक प्रथमच म्हणाला, "मलाही येत नाही हे गणित. तुला सुटलं की मला दाखव."

आणि पानाच्या तळाशी लिहिलं, "पुन्हा सोडवा."

"दहापैकी पाच," ताई वहीत डोकावून म्हणाली. "म्हणजे पास?"

"काठावर," सर म्हणाले. बगलेतून चुरगळलेले सहा शर्ट काढून त्यांनी खडूच्या रेघेपलीकडे ठेवले. "आणि वरचं बटण पावणेपंधरावर. टोक मी धरतो."

पुढच्या वर्षी ताईनं इस्त्रीवाल्याची पँट बघितली. कमरेला दोन इंच सैल. वर दिवसभर घटाघटा पाणी पिणं चाललेलं. उत्तर ताईला दिसलंच. डॉक्टरकडे चला म्हणाली, तो "हं" म्हणाला. तीन दिवस तीनदा म्हणाली, तीनदा "हं".

चौथ्या दिवशी सकाळी तिनं इस्त्रीचा प्लग काढला, वायर स्वतःच्या मांडीवर घेतली आणि खडूची रेघ ओलांडून टेबलासमोर स्टूल टाकून बसली. मशीन बंद. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खणखणीत आवाजात खरं ते सांगितलं, "दोन इंच उतरलेत हे, आणि डॉक्टरकडे जात नाहीत. जाईपर्यंत दुकान बंद." पहिल्या दिवशी शिवलेलं एक कापड नाही की घडी घातलेला एक शर्ट नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. नवरा गार इस्त्रीला टेकून उभा. न्हाव्याच्या दुकानात जास्त गर्दी होती, कारण तिथून सगळं दिसायचं.

दुपारी सर शर्ट घेऊन आले. "हे काय चाललंय?"

"गणित सोडवतेय, सर," ताई म्हणाली. "रीतीनं."

"किती वेळ लागेल?"

"उत्तर तर मला चार दिवसांपूर्वीच दिसलंय. रीतीलाच वेळ लागतो, बाई! कमरेचा काटा मोडला बसून बसून."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं दुसरं स्टूल डाव्या हातानं ओढलं, तिच्या शेजारी ठेवलं आणि शर्टाचं गाठोडं मांडीवर घेऊन ताठ बसले.

"हातचा एक," ते म्हणाले.

इस्त्रीवाल्यानं दोघांकडे पाहिलं. गार इस्त्रीकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट उभ्या असलेल्या न्हाव्याकडे पाहिलं. आणि दोन दिवसांत एकही शर्ट झाला नसताना उधारीवर एक वाक्य बोलला.

"चपला कुठायत माझ्या?"